पॅनेलने ‘पुरे’ कधी म्हणायचं : पोर्टेबल एक्स-रे डिटेक्टरमधल्या एईसीच्या प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५

नवी वही, नवं काम. एक्स-रेचं चित्र टिपणाऱ्या आमच्या ३५ बाय ४३ सेंटिमीटरच्या वायरलेस पॅनेलमध्येच स्वयंचलित एक्स्पोजर नियंत्रण, म्हणजे एईसी, बसवायचं आहे. पुरेसा डोस पडला की पॅनेलनेच जनरेटरला, म्हणजे किरण सोडणाऱ्या यंत्राला, थांबवायचं. टेक्निशियनने केव्ही (ट्यूबचा दाब, किलोव्होल्टमध्ये) निवडावा, बटण दाबावं, बाकी यंत्रानं बघावं.

बैठकीतला पहिला अर्धा तास एका घोळात गेला. विक्रीवाले म्हणाले, ‘‘हे तर आपल्याकडे आहेच की!’’ आपल्याकडे आहे ते एईडी. किरण सुरू झाले हे पॅनेल आपलं आपण ओळखतं आणि चित्र साठवायला लागतं, एवढंच त्याचं काम. एईसीला किती डोस पडला हे एक्स्पोजर चालू असताना मोजायचं असतं, शिवाय थांबण्याचा निरोप वेळेत पोचवायचा असतो. शेवटी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले आणि मध्ये जाड रेघ मारली. ती पुसायची नाही असं बजावून आलोय.

रुग्णालयातल्या कायमच्या एक्स-रे खोलीत हा प्रश्न कधीच सुटलाय. स्टँडमध्ये ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) आणि पॅनेल यांच्या मध्ये किरण मोजणारं पातळसं आयन चेंबर असतं, त्यावर मोजणीचे तीन चौकोन. छातीच्या समोरच्या फोटोला बाजूचे दोन वापरायचे, कुशीच्या फोटोला मधला. चेंबर केबलने जनरेटरला जोडलेलं. पोर्टेबलच्या नशिबी यातलं काही नाही. पॅनेल कधी खाटेवर पाठीखाली सरकवलेलं, कधी स्टँडला टांगलेलं, आज उभं, उद्या आडवं. जनरेटर दुसऱ्याच कंपनीचा, आणि दोघांच्या मध्ये फक्त हवा.

११ मार्च

क्षयरोग तपासणीच्या शिबिरात दिवसभर बसून आलो. शंभर दिवसांची मोहीम ७ डिसेंबर २०२४ला पंचकुलातून ३४७ जिल्ह्यांसाठी सुरू झाली, तेव्हापासून हातात धरायची एक्स-रे यंत्रं गावोगाव दिसू लागली आहेत. इथे जिल्हा परिषद शाळेतला चौथीचा वर्ग. बाकं व्हरांड्यात काढलेली, फळ्यावर शुद्धलेखन तसंच, तिपाईवर यंत्र, समोर स्टँडला पॅनेल. एकेक जण येतो, छाती टेकवतो, खांदे पुढे, श्वास रोखा, झालं.

टेक्निशियनने सकाळी ९० केव्ही आणि १.६ एमएएस (मिलिॲम्पियर गुणिले सेकंद, म्हणजे किरणांची मात्रा) लावलं, ते दुपारच्या डब्यापर्यंत हललं नाही. त्या एका सेटिंगवर अडतीस किलोच्या आजी येऊन गेल्या आणि शर्टाची बटणं कशीबशी लागलेला टेम्पोवालाही. मी विचारलं, आजींना कमी का नाही केलंत?

‘‘साहेब, रांग बघा की. प्रत्येकाला बदलत बसलो तर मुक्काम इथंच. आणि फोटो तर बघा ना, कसला झ्याक आलाय आजीचा.’’

आलाच होता. फिल्मच्या काळात डोस जास्त झाला तर फिल्म काळी ठिक्कर पडायची, कमी झाला तर फिकी राहायची. चूक लगेच डोळ्यांसमोर. डिजिटल पॅनेल सगळं सांभाळून घेतं. डोस कमी पडला तर चित्र रवाळ दिसतं आणि डॉक्टर कुरकुरतात, जास्त पडला तर कोणाचीच कुरकुर नाही. मग टेक्निशियनचा हात वर्षानुवर्षं एकाच दिशेने सरकत राहतो, वरच्या. छातीच्या एका फोटोचा डोस ०.०२ मिलिसीव्हर्टच्या घरातला, त्यामुळे आजींचं फार बिघडलं असं नाही. मला टोचलं ते टेम्पोवाल्याचं. त्याचा फोटो रवाळ होता आणि तरी पुढे गेला. हे फोटो आता आधी संगणक वाचतो. १५ वर्षं आणि त्यावरच्या लोकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये त्याची शिफारस केली आहे. रवाळ फोटोत संगणक काय पाहणार आणि काय सोडून देणार, कोण जाणे.

१८ मार्च

आज नुसते आकडे.

पॅनेलपाशी लक्ष्य २.५ मायक्रोग्रे (डोस मोजायचं एकक). जुन्या ४०० वेगाच्या फिल्म-स्क्रीन जोडीच्या तोडीचा डोस. आयईसी या विद्युत उपकरणांची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ६२४९४-१ मानकातला एक्स्पोजर निर्देशांक म्हणजे ठरावीक किरणांसाठी (७० केव्ही, वाटेत २१ मिलिमीटर ॲल्युमिनियम) मायक्रोग्रेचा शंभरपट आकडा. म्हणजे आमचं लक्ष्य २५०. लक्ष्यापासून किती भरकटलो हे विचलन निर्देशांक सांगतो, तो लॉगच्या मापात असतो. शून्य म्हणजे अचूक, अधिक ३ म्हणजे दुप्पट, उणे ३ म्हणजे निम्मा, अधिक १ म्हणजे साधारण २६ टक्के जास्त. आम्ही स्वतःला घातलेली अट : अधिक-उणे १च्या आत.

आता वेळ. हातातल्या यंत्राचा करंट ५ मिलिॲम्पियर. सडपातळ माणसाला ०.४ एमएएस पुरतं, म्हणजे ८० मिलिसेकंद. जाड माणसाला २ एमएएस, म्हणजे ४००. हेच एमएएस वॉर्डात फिरणाऱ्या मोठ्या मोबाइल यंत्रावर २०० मिलिॲम्पियरने द्यायचं तर २ ते १० मिलिसेकंदांत खेळ खलास. तिथे रेडिओवरून निरोप पाठवून थांबवणं म्हणजे गाडी सुटल्यावर तिकिटाच्या रांगेत उभं राहणं. तेव्हा ठरलं : फक्त कमी करंटची छोटी यंत्रं. ज्या अशक्तपणाबद्दल सगळे या यंत्रांना नावं ठेवतात तोच आमच्या पथ्यावर पडणार.

२ एप्रिल

मोजायचं कशाने? वेगळं आयन चेंबर पॅनेलपुढे लावायचा प्रस्ताव पाच मिनिटांत बारगळला. कॅसेटची जाडी ठरलेली आहे, स्टँडमधल्या बकीच्या, म्हणजे कॅसेट ठेवायच्या, ट्रेमध्ये ती बसलीच पाहिजे. शिवाय चेंबर आणि पॅनेल यांचा केव्हीला मिळणारा प्रतिसाद निराळा असतो, म्हणून केव्हीनुसार दुरुस्तीचा तक्ता आलाच. पॅनेलच्याच सिंटिलेटरचा, म्हणजे किरणांचा प्रकाश करणाऱ्या थराचा, प्रकाश मोजला तर ही भानगड मुळातच कमी होते. ज्याने चित्र बनतं तेच मोजलं जातं.

काचेच्या कारखान्याला सांगून काही पिक्सेल फक्त मोजणीसाठी राखून घेता येतील. मार्ग सुंदर, पण त्यासाठी काचेचे मास्क नव्याने करायला हवेत आणि आमच्या मागणीचा आकडा ऐकून कारखान्यात कोणी फोनही उचलणार नाही. उरतो फुकटचा मार्ग, बायस लाइन. प्रत्येक पिक्सेलच्या फोटोडायोडला उलटा दाब देणारी सामाईक तार असते. टीएफटी (पिक्सेलचा स्विच) बंद असतानाही प्रकाश पडला की डायोडमध्ये चार्ज सरकतो आणि तेवढाच करंट या तारेत दिसतो. आमच्या पॅनेलवर या तारा आठ गटांत बाहेर आल्या आहेत. आठ गट, म्हणजे आठ मोजपट्ट्या तयारच.

हिशोब केला तर एका पट्टीतून अर्धा ते दोन मायक्रोॲम्पियर मिळायला हवेत. काहीच अवघड नाही.

१५ एप्रिल

दिसला! ऑसिलोस्कोपवर ९० केव्ही, ५ मिलिॲम्पियरचा सुंदर ठोकळा. चार मिलिसेकंदांत वर चढतो, सपाट राहतो, खाली येतो. वाटेत माणसाऐवजी दहा सेंटिमीटर ॲक्रिलिक ठेवलं की उंची कमी, काढलं की जास्त. चहा मागवला.

२४ एप्रिल

चहा लवकर मागवला होता.

फर्मवेअरवाल्याने (पॅनेलच्या आतलं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने) टेबलावर डबा आपटला आणि पडद्यावर एक्स-रे आले. ट्यूब बंद, दाराचा इंटरलॉक उघडा, तरी ‘डोस’ मोजला जातोय. पॅनेलमधली काच, तिच्यावरचे थर आणि मागची धातूची चौकट मिळून चांगला मायक्रोफोन तयार झालाय. काच तसूभर हलली की कपॅसिटन्स (चार्ज धरायची क्षमता) बदलतो आणि बायस तारेत करंट. पेशंट पॅनेलला टेकताना नेमकं हेच होणार. खोकणारा पेशंट तर विचारूच नका, आणि शिबिरात येणारे बहुतेक खोकणारेच.

धक्क्याचा करंट वर-खाली हेलकावतो, किरणांचा एकाच बाजूला राहतो. थोडी गाळणी लावून निम्मे धक्के ओळखता आले. उरलेल्या निम्म्यांचं काय?

९ मे

आज बायस मार्गाला मूठमाती. मारलं धक्क्याने नाही, भूमितीने.

पट्ट्या पॅनेलच्या लांबीभर जातात, ४३ सेंटिमीटर. उभ्या छातीच्या फोटोत उजवी पट्टी खांद्यावरच्या मोकळ्या हवेतून सुरू होते, फुप्फुसातून जाते आणि यकृतावर संपते. मोकळ्या हवेतून आलेल्या किरणांना वाटेत माणूस नसतो, तिथला डोस फुप्फुसामागच्या डोसच्या पंधरापट सहज. पट्टीचा विसावा भाग जरी असा उघडा राहिला तरी एकूण बेरजेत चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा त्या कोपऱ्याचाच. पॅनेलला वाटतं पुष्कळ झालं, ते थांबवतं, आणि फुप्फुस अर्धपोटी राहतं. कोलिमेटर, म्हणजे किरणांची चौकट लहान-मोठी करणारी झडप, नीट मिटला तर हे टळेल, पण शिबिरात कोलिमेटर कोण किती काळजीने लावतं ते ११ मार्चला पाहिलंय.

पट्ट्या नकोत, चौकोन हवेत. दोन महिने गेले. बायसची सर्किट मात्र टाकत नाही, एईडीसाठी ती आताच्या पद्धतीपेक्षा झटपट आहे.

१२ जून

नवा मार्ग काचेच्या मागून. सिंटिलेटरमधल्या सिझियम आयोडाइडचा प्रकाश सगळाच पिक्सेलमध्ये जात नाही. दोन पिक्सेलांच्या फटीतून थोडा काचेत उतरतो आणि मागून बाहेर पडतो. आजवर तो वाया जात होता. काचेमागे पातळ सर्किट बोर्डावर नऊ सिलिकॉन फोटोडायोड लावले, तीन बाय तीन. प्रकाश हिरवट-पिवळा, ५५० नॅनोमीटरच्या आसपास, सिलिकॉनला मानवणारा. डायोड पुण्यातल्या तपकीर गल्लीतून, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, आणले. मागणी नोंदवून तीन आठवडे थांबण्यापेक्षा बुधवार पेठेत दुचाकीला जागा शोधणं सोपं, म्हणजे थोडंसंच सोपं.

टेबलावर डबा आपटला. पडदा शांत. परत आपटला. शांत! डायोडला काच हलल्याचं सोयरसुतक नाही.

२० जून

पालख्या शहरात. निम्मे लोक आले नाहीत, आलेले दुपारी गेले. भोसरीतून घरी पोचायला मला अडीच तास लागले. वाटेत उन्हाचा आणि डायोडच्या अंधार-करंटचा (प्रकाश नसतानाही वाहणाऱ्या करंटचा) विचार : तापमान आठ-दहा अंशांनी चढलं की तो साधारण दुप्पट होतो. मे महिन्यात शाळेच्या पत्र्याखाली ठेवलेलं पॅनेल किती तापेल? प्रत्येक एक्स्पोजरआधी शून्याची नोंद घेऊन वजा करायची, हे फर्मवेअरमध्ये घालायला सांगितलं.

४ जुलै

चित्रात भुतं.

नुसत्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा सपाट फोटो काढला, तर त्यात नऊ फिकट चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. आमच्याच बोर्डाचा फोटो! बोर्ड सिंटिलेटरच्या मागे आहे, तरी त्याची सावली चित्रात. कारणं दोन असू शकतात. एक, आरपार गेलेले किरण शिशाच्या सोल्डरवर आणि तांब्यावर आपटून उलटे फिरतात, आणि ते बोर्डाच्या निरनिराळ्या भागांतून कमी-जास्त फिरतात. दोन, काचेतून मागे आलेला प्रकाश चकचकीत डायोडवरून परत पिक्सेलमध्ये शिरतो.

कोणतं खरं ते पाहायला बोर्डावर काळा मॅट कागद चिकटवला. भुतं निम्मी उरली. म्हणजे दोन्ही.

कोणी म्हणेल, सपाट फोटोने भागून टाका, गेन करेक्शन असतंच. प्रकाशाच्या परतीचं भूत त्याने खरोखरच जातं, कारण ते मूळ प्रकाशाच्या ठरावीक प्रमाणातच असतं, केव्ही कितीही असो. उलट फिरलेल्या किरणांचं तसं नाही. ७० केव्हीला केलेली दुरुस्ती ९०ला उघडी पडते. फुप्फुसाच्या फोटोत अंगठ्याएवढा फिकट चौकोन म्हणजे काय ते कोणा रेडिओलॉजिस्टला समजावून सांगायची माझी तयारी नाही.

१८ जुलै

यांत्रिक रचना पाहणारी आमची सहकारी गेले चार दिवस घरच्या फ्रिजचा, कडेच्या दिव्याचा उजेड सगळीकडे पसरवणारा प्रकाशाचा फलक उघडून बसली होती. तिचीच कल्पना : डायोड काचेमागे नकोतच. काचेमागे एक मिलिमीटर जाडीचा पारदर्शक ॲक्रिलिकचा पत्रा, नऊ तुकड्यांत कापलेला, तुकड्यांच्या मध्ये पांढरी परावर्तक पट्टी. पत्र्यावर बारीक खडबडीत ठिपके. प्रकाश पत्र्यात शिरतो, आतल्या आत धावत कडेला येतो, तिथे डायोड. ॲक्रिलिकच्या मागे अखंड पातळ शिसं, त्यामुळे मागच्या इलेक्ट्रॉनिक्सवरून किरण उलटे यायचा प्रश्नही मिटला. मधल्या तुकड्याचा प्रकाश कडेपर्यंत आणायला बारीक वाट ठेवावी लागली, तिथे संकेत थोडा मंद, पण पुरेसा.

चित्रात आता फक्त नऊ तुकड्यांच्या सांध्यांच्या पुसट रेषा. त्या प्रकाशाच्या, त्यामुळे गेन करेक्शनने साफ. ७०, ८०, ९० तिन्ही केव्हीला तपासलं. जाडीतला आमचा सगळा शिल्लक सव्वा मिलिमीटर यात संपला, बॅटरीवाला रुसलाय.

२२ जुलै

आता खरी गोम. मोजलं, पण सांगायचं कसं?

वायफायवरून निरोप जायला बहुतेक वेळा तीन-चार मिलिसेकंद लागतात. पण खोलीत आठ मोबाइल चालू करून ठेवले तर मधूनच तीस, एकदा तर चाळीस. ८० मिलिसेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये चाळीसचा उशीर म्हणजे दीडपट डोस. पंगतीत वाढपी ओगराळं वाकडं करायच्या आधीच वाटीवर हात आडवा धरावा लागतो. ‘पुरे’ म्हणायला आमटी काठोकाठ यायची वाट पाहिली तर पानात ओघळ आलाच.

म्हणून पॅनेलने वाट पाहायचीच नाही. करंट स्थिर आहे, केव्ही चार मिलिसेकंदांत स्थिर होतो, पेशंटने श्वास रोखलेला असतो. म्हणजे डोस सरळ रेषेत चढणार. पहिल्या वीस मिलिसेकंदांत उतार मोजायचा आणि ही रेषा लक्ष्याला कधी भिडेल ते आधीच सांगायचं. नंतर दर दोन मिलिसेकंदांनी सुधारित वेळ. निरोप ‘थांब’ असा नाही, ‘अमुक वेळेला थांब’ असा. मधले चार निरोप हरवले तरी पाचवा पोचतो.

५ ऑगस्ट

‘अमुक वेळेला’ म्हटलं की दोघांची घड्याळं जुळली पाहिजेत. दोन आठवडे आम्ही घड्याळं जुळवायच्या निरनिराळ्या पद्धती वाचत, करत, टाकत होतो. आज जेवताना फर्मवेअरवाला भाकरी तोडता तोडता म्हणाला, ‘‘किरण दोघांनाही दिसतात की.’’

सगळे गप्प.

जनरेटरला माहीत असतं की त्याने किरण कधी सुरू केले. पॅनेलला दिसतं की किरण कधी आले. घटना एकच. तोच शून्य मानायचा आणि वेळ ‘किरण सुरू झाल्यापासून इतके मिलिसेकंद’ अशी पाठवायची. वेगळं घड्याळ जुळवायची गरजच नाही. दोन्हीकडचे क्रिस्टल ४०० मिलिसेकंदांत फार तर काही मायक्रोसेकंद इकडेतिकडे होतील. दोन आठवड्यांचा कोड पुसताना वाईट वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. जनरेटर कंपनीबरोबर फोन. त्यांचं म्हणणं, यंत्र आमचं, मंजुरी आमच्या नावावर, तुमच्या पॅनेलच्या सांगण्यावरून ते बंद का व्हावं? चूकही नाही त्यांचं. एईआरबीपुढे, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळापुढे, उत्तर त्यांना द्यायचंय. मोठ्या जनरेटरला एईसीसाठी वेगळी जोडणी असते, या छोट्या यंत्राला मुळातच नाही. चाचणीपुरतं एका यंत्रावर बदललेलं फर्मवेअर देतील, त्यापुढचं नंतर. गेले तीन महिने ‘नंतर’ हाच शब्द ऐकतोय.

११ सप्टेंबर

पहिल्यांदा पॅनेलने जनरेटर थांबवला. सहा सेंटिमीटर ॲक्रिलिक, ९० केव्ही. अंदाज ८१ मिलिसेकंद, थांबला ८१ला. चित्रातला डोस मात्र लक्ष्याहून थोडा जास्त. परत तसंच. प्रत्येक वेळी वरच.

शेपटी सापडली. जनरेटरने स्विचिंग थांबवलं तरी उच्च दाबाच्या बाजूच्या कपॅसिटन्समध्ये चार्ज उरतो आणि तो ट्यूबमधूनच निचरतो. करंट अवघा ५ मिलिॲम्पियर, त्यामुळे निचरायला तीनेक मिलिसेकंद लागतात. केव्ही उतरत जातो, उतरलेल्या केव्हीचे किरण शरीर फारसे ओलांडत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात ती शेपटी पूर्ण जोराच्या एखाद्या मिलिसेकंदाएवढी भरते. तेवढं आधी थांबायचं. ट्यूबच्या प्रत्येक केव्हीसाठी शेपटीचा छोटा तक्ता बनवला. सडपातळ माणसालाच हे जाणवतं. ४०० मिलिसेकंदांत ते कुठल्या कुठे विरून जातं.

निरोप पोचलाच नाही तर काय, हेही आज पक्कं केलं. माझं मत होतं की पॅनेलने सतत ‘चालू दे’ म्हणत राहावं आणि ते ऐकू येईनासं झालं की जनरेटरने थांबावं. सुरक्षित वाटतं. पण मग रेडिओ जरा अडखळला की अर्धवट फोटो, आणि अर्धवट फोटो म्हणजे परत फोटो, म्हणजे दीडपट-दुप्पट डोस. त्यापेक्षा टेक्निशियनने लावलेलं एमएएस हीच वरची मर्यादा. निरोप आला तर त्याआधी थांबेल, नाही आला तर आज जसा फोटो निघतो तसाच निघेल. आजपेक्षा वाईट कधीच नाही, एवढी हमी देता आली पाहिजे.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. ट्यूबच्या स्टँडला झेंडूची माळ, ऑसिलोस्कोपला हळदकुंकू. पूजा उरकून पुन्हा जुन्याच वादाला लागलो : नऊ तुकड्यांतल्या कोणावर विश्वास ठेवायचा?

कोलिमेटरच्या बाहेरचे तुकडे जवळजवळ शून्य, ते ओळखणं सोपं. मोकळ्या हवेतले इतरांच्या कितीतरी पट, तेही बहुतेक वेळा ओळखू येतात. अर्धं अंग आणि अर्धी हवा असलेला तुकडा मात्र साळसूद असतो. त्याचं वाचन नेमकं फुप्फुसासारखं दिसतं. त्यावर इलाज म्हणून डाव्या-उजव्या जोडीची तुलना ठेवली, शिवाय ॲक्सेलरोमीटरवरून पॅनेल उभं की आडवं ते कळतं, म्हणजे फुप्फुसं साधारण कोणत्या तुकड्यांवर येतील याचा अंदाज बांधता येतो.

पण रेडिओलॉजिस्ट मॅडमनी एका वाक्यात आमची जोडी मोडली. ‘‘अहो, क्षयरोगात एका बाजूला पाणी भरलेलं असतं ना!’’ छातीत पाणी झालं की ती बाजू किरण अडवते, तुकडा मंद वाचतो. दोन्ही बाजूंची सरासरी घेतली तर डोस उगाच वाढत जातो आणि चांगलं फुप्फुस करपतं. मोठ्या खोलीतही अशा पेशंटला जाणता टेक्निशियन निरोगी बाजूचाच चौकोन निवडतो. म्हणजे ज्यांच्यासाठी हे सगळं करतोय त्यांच्याच बाबतीत आमची डावी-उजवी सारखी असल्याची समजूत खोटी.

तासभर वाद. शेवटी नियम असा : शरीरामागच्या तुकड्यांपैकी जो जास्त उघडा वाचतो, तो फुप्फुसाच्या जागी असेल आणि हवेचा नसेल, तर तोच प्रमाण. दोन्ही बाजूंत फार तफावत दिसली तर फोटो घ्या, पण पडद्यावर खूण करा. लहान मुलांसाठी एईसी बंदच. त्यांच्या अंगापेक्षा पॅनेल मोठं, नऊपैकी सहा तुकड्यांसमोर नुसती मोकळी हवा.

८ नोव्हेंबर

१८९५ साली याच तारखेला वुर्झबर्गमध्ये राँटगेनना पडदा चमकताना दिसला. आमचाही पडदा आज बरा चमकला. ६, १० आणि १४ सेंटिमीटर ॲक्रिलिक, ७० ते ९० केव्ही, प्रत्येकाचे दहा फोटो. विचलन निर्देशांक उणे ०.३ ते अधिक ०.४मध्ये राहिला. खोलीत आठ मोबाइल चालू ठेवूनही. १४ सेंटिमीटरला तो किंचित वर जातो. मला विखुरलेल्या किरणांचा संशय आहे, ग्रिड नाहीच आमच्याकडे.

रात्री जुनी पुस्तकं चाळताना हसू आलं. अमेरिकी रेडिओलॉजिस्ट रसेल मॉर्गन यांनी १९४०च्या दशकात शिकागोत जो फोटोटायमर केला त्यात चमकणाऱ्या पडद्याचा प्रकाश फोटोसेलने मोजून एक्स्पोजर थांबवायचे. पुढच्या अशा यंत्रांत तर ॲक्रिलिकच्याच पत्र्यातून प्रकाश कडेच्या नळीपर्यंत न्यायचे. आमची फ्रिजच्या फलकातून सुचलेली युक्ती पाऊणशे वर्षं जुनी. सहकारीला दाखवलं, ती म्हणाली, ‘‘मग चालणार तर!’’

२५ नोव्हेंबर

पाडून पाहायची चाचणी. एक मीटरवरून चार कोपऱ्यांवर. काच शाबूत, चित्र शाबूत, पण खालच्या डाव्या तुकड्याची परावर्तक पट्टी सुटली आणि शेजारच्या तुकड्याचा प्रकाश त्यात झिरपू लागला. दोघांची वाचनं एकमेकांत मिसळली. एईसी थांबवत होतं, फक्त चुकीच्या वेळी, आणि चित्र पाहून कोणाला कळलंही नसतं. चालू करताना नऊ तुकड्यांची परस्पर तपासणी घालावी लागेल, त्यासाठी कडेला एक छोटा एलईडी. त्याची जागा बॅटरीवाल्याकडून मागायची आहे.

पट्टीसाठी दुसरा गोंद मागवला. जनरेटर कंपनीला परत मेल.